हरवलेल्या माणसाचा शोध : पोलीस ठाण्यात नेमके काय घडते?

घरातील माणूस हरवला तर चोवीस तास उलटल्याशिवाय पोलीस तक्रार घेत नाहीत, असा एक समज आपल्या समाजात खोलवर रुजला आहे. सुशिक्षित कुटुंबांतही तो आढळतो. चित्रपटांनी आणि दूरचित्रवाणीवरील मालिकांनी त्याला खतपाणी घातले आणि क्वचित एखाद्या ठाणे अंमलदाराने ‘सकाळपर्यंत वाट पाहा, येईल परत’ असे सांगून तो अधिकच पक्का केला. प्रत्यक्षात असा कोणताही नियम भारतीय कायद्यात नाही. माणूस बेपत्ता आहे अशी रास्त शंका येताच, मग ती दोन तासांनी येवो की दोन दिवसांनी, पोलीस ठाण्यात जाऊन नोंद करण्याचा कुटुंबाला अधिकार आहे.

हे प्रारंभीच आणि स्पष्टपणे सांगणे आम्हांला अगत्याचे वाटते, कारण अशा प्रसंगी अनेक कुटुंबे पोलिसांकडे जाण्याआधी धर्मगुरूंकडे येतात. गावात बोभाटा नको, मुलीचे नाव खराब होईल, नातेवाइकांकडे आधी विचारून पाहू, संत अंतोनीची नोव्हेना धरू, अशा विचारांत एक रात्र जाते, मग दुसरी जाते. प्रार्थना जरूर करावी. परंतु ती पोलीस ठाण्याच्या वाटेवरही करता येते. या दोन रात्रींत काय काय निसटून जाते, हे तपासाची पद्धत समजून घेतल्यावाचून ध्यानात येणार नाही. म्हणून हा लेखनप्रपंच.

पोलीस ठाण्यात पाऊल ठेवताच पहिला प्रश्न वयाचा असतो. हा प्रश्न केवळ रकाना भरण्यासाठी विचारलेला नसतो. हरवलेली व्यक्ती अठरा वर्षांखालील आहे की सज्ञान, यावर पुढचा संपूर्ण मार्ग ठरतो.

सज्ञान व्यक्ती हरवली असेल तर पोलिसांच्या भाषेत ‘मिसिंग दाखल’ होते. हा गुन्हा नव्हे. स्वतःच्या मर्जीने घर सोडून जाणे हा भारतात अपराध नाही आणि म्हणूनच केवळ कोणी दिसेनासे झाले एवढ्यावरून प्रथम खबरी अहवाल लिहिला जात नाही. हरवलेल्या व्यक्तींच्या नोंदवहीत क्रमांक पडतो, ठाणे दैनंदिनीत उल्लेख होतो, खबर देणाऱ्याचा जबाब घेतला जातो आणि चौकशी एखाद्या हवालदाराकडे किंवा उपनिरीक्षकाकडे सोपविली जाते. वर्णन आणि छायाचित्र इतर पोलीस ठाण्यांना व नियंत्रण कक्षाला कळविले जाते. मात्र अपहरणाची, घातपाताची, खंडणीची किंवा डांबून ठेवल्याची चिन्हे असतील, तर वय कितीही असो, दखलपात्र गुन्हा दाखल करणे पोलिसांवर बंधनकारक आहे. ही चिन्हे कुटुंबानेच सांगावयाची असतात. पैशांवरून झालेले भांडण, धमकीचा दूरध्वनी, पतीकडून होणारी मारहाण या गोष्टी लाजेपोटी लपविल्या की मिसिंग ही मिसिंगच राहते.

अल्पवयीन मुलांच्या बाबतीत चित्र अगदी निराळे आहे आणि ते तसे होण्यामागे फार मोठी किंमत मोजली गेली आहे. दिल्लीजवळच्या नोएडातील निठारी येथून लहान मुले एकामागून एक नाहीशी होत होती. त्यांचे गरीब आईबाप पोलीस चौकीचे उंबरठे झिजवीत होते आणि मूल कोठेतरी पळून गेले असेल असे सांगून त्यांना परत पाठविले जात होते. डिसेंबर 2006 मध्ये एका बंगल्यामागील नाल्यातून मुलांचे अवशेष बाहेर निघाले, तेव्हा देश हादरला. त्यानंतर राष्ट्रीय मानवी हक्क आयोगाने हरवलेल्या मुलांच्या प्रश्नावर समिती नेमली. पुढे ‘बचपन बचाओ आंदोलन’ या संस्थेच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने 10 मे 2013 रोजी आदेश दिला. मूल हरवल्याच्या प्रत्येक तक्रारीवर प्रथम खबरी अहवाल नोंदविला गेलाच पाहिजे आणि तपासात वेगळे काही सिद्ध होईपर्यंत त्या मुलाचे अपहरण झाले आहे किंवा ते मानवी व्यापाराला बळी पडले आहे असेच गृहीत धरावे, असे त्यात म्हटले आहे. चार महिन्यांत मूल सापडले नाही तर प्रकरण मानवी तस्करीविरोधी पथकाकडे सोपविण्याची तरतूदही याच आदेशातून आली. त्याच वर्षी 12 नोव्हेंबर रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ललिताकुमारी खटल्यात, दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळताच तो नोंदविणे पोलिसांच्या मर्जीवर अवलंबून नाही, असा निर्णय दिला. तो खटलाही एका पित्याने आपल्या अल्पवयीन मुलीच्या अपहरणाची तक्रार पोलीस घेत नाहीत म्हणूनच उभा केला होता.

आता 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आहे. तिच्या कलम 137 खाली अठरा वर्षांखालील कोणत्याही मुलाला किंवा मुलीला पालकांच्या ताब्यातून संमतीविना नेणे अथवा फूस लावून नेणे हा अपहरणाचा गुन्हा आहे. पूर्वीच्या दंड संहितेत मुलग्यांसाठी ही मर्यादा सोळा वर्षांची होती. मनोरुग्ण व्यक्तीला तिच्या पालकांच्या ताब्यातून नेणेही याच कलमात येते, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक असते. मूल हरवल्याची तक्रार येताच अज्ञात इसमाविरुद्ध गुन्हा दाखल होतो तो बहुधा याच कलमाखाली. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 नुसार, घटना कोणत्याही हद्दीत घडलेली असली तरी जवळच्या ठाण्यात खबर देता येते. तेथे शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून तो संबंधित ठाण्याकडे वर्ग केला जातो. तेव्हा ‘हे आमच्या हद्दीत येत नाही’ या उत्तराने परत फिरण्याचे कारण उरलेले नाही. अहवालाची प्रत फिर्यादीला विनामूल्य मिळते. ती मागून घ्यावी. सज्ञान व्यक्तीच्या बाबतीत निदान मिसिंग क्रमांक, तारीख आणि तपासी अंमलदाराचे नाव लिहून आणावे.

तपास खऱ्या अर्थाने सुरू होतो तो मोबाईलपासून. परंतु यासंबंधी लोकांच्या कल्पना अवास्तव असतात. पोलीस ठाण्यात संगणकावर बोट ठेवले की माणूस नकाशावर दिसतो, असे होत नाही. कॉलचा तपशील मोबाईल कंपनीकडून पोलीस अधीक्षक किंवा उपायुक्त दर्जाच्या अधिकाऱ्यामार्फत मागवावा लागतो. टॉवरवरून कळतो तो परिसर, घर नव्हे. मनोरे विरळ असलेल्या गावांत तो परिसर कित्येक किलोमीटरचा असू शकतो. फोन बंद झाला की शेवटचे ठिकाण तेवढे हाती राहते. मात्र त्याच हँडसेटमध्ये कोणी दुसरे सिमकार्ड घातले तर त्याच्या आयएमईआय क्रमांकावरून पुन्हा माग लागू शकतो. म्हणून मोबाईलचे खोके किंवा खरेदीची पावती शोधून पोलिसांना द्यावी. तो क्रमांक त्यावर छापलेला असतो. फोनखालोखाल बँकेचे व्यवहार, एटीएम, ऑनलाइन देवघेव आणि समाजमाध्यमांवरील खाती यांचा क्रम लागतो.

या साधनांचे मोल वसईकरांना 2022 साली एका अत्यंत दुःखद प्रसंगातून कळले. आपल्या भागातील एक तरुणी जोडीदारासह दिल्लीस राहावयास गेली होती. घरच्यांशी तिचे संबंध दुरावले होते. तिचा फोन बरेच दिवस बंद असल्याचे एका मित्राने तिच्या भावाला सांगितले आणि ऑक्टोबर महिन्यात वडिलांनी माणिकपूर पोलीस ठाण्यात तक्रार दिली. ती मे महिन्यातच भांडून निघून गेली, असे जोडीदाराचे म्हणणे होते. पण त्याने सांगितलेल्या तारखेनंतरही तिच्या खात्यातून त्याच्या खात्यात रक्कम गेली होती आणि तिच्या फोनचे ठिकाण दोघे राहत होते त्याच परिसरात दिसत होते. वसईच्या पोलिसांनी हे दोन धागे जुळविले, नोव्हेंबरमध्ये प्रकरण दिल्ली पोलिसांकडे गेले, त्यास अटक झाली आणि पुढे न्यायालयात त्याच्यावर खुनाचे आरोप निश्चित झाले. तक्रार येण्याआधी सुमारे पाच महिने कोणतीही यंत्रणा तिचा शोध घेत नव्हती. मुलीने आपल्या मनाविरुद्ध घर सोडले म्हणून तिची विचारपूस सोडून देणाऱ्या कुटुंबांनी, आणि अशा कुटुंबांना ‘आता तिचे नाव काढू नका’ असा सल्ला देणाऱ्या शेजाऱ्यापाजाऱ्यांनीही, या पाच महिन्यांचा विचार करावा. दोष त्या पित्याचा नव्हे, हेही आम्ही येथे नमूद करतो.

दुसरा धागा चित्रीकरणाचा. इमारतीचे प्रवेशद्वार, किराणा दुकान, पेट्रोल पंप, रेल्वे स्थानक, सर्वत्र आता सीसीटीव्ही कॅमेरे आहेत. पण यंत्राची साठवण मर्यादित असते आणि काही दिवसांनी जुने चित्रण आपोआप पुसले जाऊन त्यावर नवे येते. उशिरा केलेल्या तक्रारीने जे हातचे जाते ते बहुतेकदा हेच. वसई रोड किंवा विरारसारख्या स्थानकात माणूस कोणत्या फलाटावर गेला एवढे कळले तरी शोधाची दिशा ठरते. रेल्वेच्या हद्दीत लोहमार्ग पोलीस हे वेगळे ठाणे असते, त्यांनाही कळवावे लागते.

तिसरी बाजू अप्रिय आहे, परंतु ती टाळता येत नाही. पोलीस रुग्णालये आणि शवागारे तपासतात. गावाकडे विहिरी, बावखले, खाडीकिनारा आणि मिठागरे पाहिली जातात. प्रसंगी अग्निशमन दलाला पाचारण केले जाते. ओळख न पटलेला मृतदेह सापडला की त्या हद्दीत अकस्मात मृत्यूची नोंद होते आणि ती हरवलेल्यांच्या नोंदींशी ताडून पाहिली जाते. या ताडून पाहण्यावरच सारी भिस्त असते. 23 मे 2012 रोजी रायगड जिल्ह्यात पेणनजीकच्या जंगलात एक जळालेला मृतदेह सापडला होता. मुंबईतून एप्रिलमध्ये नाहीशी झालेल्या एका तरुणीचा तो होता, हे उघड झाले ऑगस्ट 2015 मध्ये, तेही दुसऱ्याच प्रकरणात पकडलेल्या एका इसमाच्या चौकशीतून. एका टोकाला रीतसर मिसिंग नाही आणि दुसऱ्या टोकाला अकस्मात मृत्यूची नोंद नाही. तीन वर्षे दोन्ही टोकांची गाठ पडली नाही. म्हणूनच हरवलेल्या व्यक्तीच्या अंगावरील जन्मखूण, शस्त्रक्रियेचा व्रण, दातांवरील उपचार, गोंदण, गळ्यातील क्रूस किंवा अंगठी यांचे वर्णन जबाबात आवर्जून लिहवून घ्यावे. आईला ते सांगताना रडू आवरत नाही, हे आम्ही पाहिले आहे. तरीही ते सांगावे. छायाचित्र लग्नातले, सजविलेले देऊ नये; अलीकडचे आणि रोजच्या वेषातले द्यावे.

या सर्व यंत्रणेच्या मागे शेवटी माणूस असतो आणि त्याची चिकाटी असते. मुंबईच्या डी. एन. नगर पोलीस ठाण्यातील सहायक उपनिरीक्षक राजेंद्र भोसले यांचे उदाहरण या संदर्भात सांगण्याजोगे आहे. 2008 ते 2015 या काळात त्या हद्दीतून हरवलेल्या 166 मुलींपैकी 165 मुलींचा छडा त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी लावला. एक मुलगी तेवढी राहिली. जानेवारी 2013 मध्ये अंधेरीत शाळेच्या वाटेवरून ती सात वर्षांची पोर नाहीशी झाली होती. 2015 साली भोसले निवृत्त झाले, पण त्या मुलीचे छायाचित्र जवळ बाळगून तिचा शोध त्यांनी चालूच ठेवला. ऑगस्ट 2022 मध्ये, साडेनऊ वर्षांनी, ती सापडली, आणि तीही आपल्या घरापासून फार दूर नसलेल्या वस्तीत. ती जेथे काम करीत होती तेथील एका बाईने तिची हकीकत ऐकून इंटरनेटवर शोध घेतला, तेव्हा 2013 सालचे शोधपत्रक समोर आले. त्या पत्रकावरील एका शेजाऱ्याचा दूरध्वनी क्रमांक तोवर चालू होता. बाकी काही नाही तरी एवढे ध्यानात ठेवावे, की शोधपत्रकावर दिलेला क्रमांक बदलू नये. वर्षे लोटली तरी त्याचे पैसे भरीत राहावे.

समाजमाध्यमांवर छायाचित्र पाठविण्याची आता रीतच झाली आहे. ती उपयुक्त आहे. पण आपण होऊन असे आवाहन करताना मिसिंग क्रमांक आणि पोलीस ठाण्याचा दूरध्वनी त्यात असावा, केवळ आपला वैयक्तिक क्रमांक नको. असे क्रमांक हेरून ‘तुमचा मुलगा आमच्याजवळ आहे, आधी पैसे पाठवा’ असे सांगणारे भामटे लगेच पुढे येतात, आणि हवालदिल झालेला बाप विचार न करता पैसे पाठवितो. असा दूरध्वनी आल्यास आधी तपासी अंमलदाराला कळवावे. हरवलेल्या व्यक्तीची खोली, वह्या, संगणक आवराआवर न करता तसाच ठेवावा, हेही ओघाने आलेच.

आता एका नाजूक विषयाकडे वळणे भाग आहे. एकोणीस-वीस वर्षांची मुलगी घरातून निघून जाते आणि दुसऱ्या दिवशी पालक पोलिसांत धाव घेतात. पोलीस तिला शोधून काढतात. तिने कोणाशी नोंदणी विवाह केलेला असतो, किंवा मैत्रिणीकडे राहून ती नोकरी करीत असते. पोलीस तिचा जबाब घेतात, ती स्वेच्छेने गेली असल्याची खात्री करून घेतात आणि मिसिंग निकाली काढतात. ‘मुलगी सुखरूप आहे, पण तिला परत यायचे नाही आणि पत्ता सांगू नये असे तिचे म्हणणे आहे,’ हे उत्तर ऐकून पालकांचा संताप अनावर होतो. पोलिसांनी पैसे खाल्ले इथपर्यंत बोलले जाते. परंतु येथे पोलीस कायद्याप्रमाणेच वागत असतात. सज्ञान व्यक्तीने कोठे व कोणाबरोबर राहावे हा तिचा निर्णय आहे आणि 2018 साली शफीन जहाँ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे तत्त्व पुन्हा अधोरेखित केले. तिला ओढून घरी आणण्याचे काम पोलीस करू शकत नाहीत आणि तसे त्यांच्याकडून करवून घेण्यासाठी खोटे वय किंवा खोटा आरोप सांगणे हे पाप तर आहेच, शिवाय अपराधही आहे. मुलगी जिवंत आणि सुखरूप आहे, ही बातमी किती मोठी आहे, हे ज्यांना ती कधीच मिळाली नाही त्या घरांना विचारावे.

वृद्धांच्या बाबतीत अडचण वेगळीच असते. स्मृतिभ्रंश झालेले आजोबा पहाटेच्या मिस्साला म्हणून निघतात आणि लोकलमध्ये बसून भलतीकडेच पोहोचतात. त्यांना नाव सांगता येत नाही. त्यांच्या खिशात नाव, गाव आणि दूरध्वनी क्रमांक लिहिलेली चिठ्ठी, किंवा गळ्यातील रोझरीला बांधलेली पट्टी असावी. एवढ्या साध्या उपायाने अनेकदा काम होते. बोटांच्या ठशांवरून आधारमध्ये का शोधत नाहीत, असे काही जण विचारतात. आधार कायद्यानुसार ठशांची मूळ माहिती पोलिसांना दिली जात नाही. मात्र आधार नोंदणीतूनच कधी अनपेक्षितपणे वाट सापडते. नागपूरच्या रेल्वे स्थानकावर एकटा सापडलेला, नीट बोलता न येणारा एक मुलगा तेथील एका कुटुंबाच्या सांभाळात वाढला. त्याचे आधार काढू गेले असता ते आधीच 2011 साली जबलपूरला निघालेले आहे असे आढळले आणि 2021 मध्ये तो आपल्या आईवडिलांकडे परतला.

एखादे मूल कोणाला वाटेत एकटे आढळले तर काय करावे, हेही येथेच सांगून टाकतो. त्याला स्वतःच्या घरी ठेवून घेऊ नये, कितीही माया वाटली तरी. 1098 किंवा 112 या क्रमांकावर कळवावे. बाल न्याय कायद्यानुसार, प्रवासाचा वेळ सोडून चोवीस तासांच्या आत त्याला बाल कल्याण समितीपुढे हजर करावे लागते. चोवीस तासांचा नियम आहे तो असा. मुलाला लवकर संरक्षण मिळावे म्हणून, तक्रार लांबवावी म्हणून नव्हे.

पोलिसांनी तक्रार घेतलीच नाही तर? लेखी अर्ज देऊन पोच घ्यावी. गुन्हा दखलपात्र असूनही नोंदविला जात नसेल तर कलम 173 मधीलच तरतुदीनुसार पोलीस अधीक्षकांकडे टपालाने खबर पाठविता येते. आपल्याकडे ऑक्टोबर 2020 पासून मीरा-भाईंदर, वसई-विरार पोलीस आयुक्तालय असल्याने असा अर्ज परिमंडळाच्या पोलीस उपायुक्तांकडे करावा. त्यानेही काम न झाल्यास दंडाधिकाऱ्यांकडे दाद मागता येते. कोणी डांबून ठेवल्याची शंका असेल तर उच्च न्यायालयात बंदी प्रत्यक्षीकरणाची याचिका हा मार्ग आहे. मात्र रोज ठाण्यात जाऊन शांतपणे चौकशी करणाऱ्या कुटुंबाचे काम पुष्कळदा या पायरीपर्यंत न जाताच होते, असा आमचा अनुभव आहे. एकाच हवालदाराकडे बंदोबस्त, समन्स आणि अशा कित्येक मिसिंग असतात, ही वस्तुस्थितीही नाकारता येत नाही.

काही माणसे परत येत नाहीत. ज्याची खबर असायला हवी अशांनाही सात वर्षे त्याचा काही ठावठिकाणा लागला नाही, तर तो जिवंत आहे हे सिद्ध करण्याची जबाबदारी तसा दावा करणाऱ्यावर येते. जुन्या पुरावा कायद्याच्या कलम 108 मधील हा नियम आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 111 मध्ये आहे. निवृत्तिवेतन, विमा, वारस नोंद ही कामे त्यावर अडलेली असतात आणि त्यासाठी सर्वांत आधी मागितला जातो तो मूळ मिसिंगचा कागद. वर्षांपूर्वी संकोचाने तक्रारच न केलेल्या पत्नीजवळ तो नसतो. पुनर्विवाहाच्या प्रश्नात ख्रिस्तसभेचा नियम आणखी कडक आहे, म्हणून तेवढे स्पष्ट करतो. धर्मविधीसंहितेच्या कलम 1707 नुसार, जोडीदाराच्या मृत्यूचा अधिकृत दाखला नसेल तर धर्मप्रांताच्या बिशपांनी मृत्यूच्या गृहीतकाची घोषणा केल्याशिवाय दुसरा जोडीदार विवाहबंधनातून मुक्त मानला जात नाही, आणि केवळ दीर्घकाळची अनुपस्थिती, मग ती सात वर्षांची असो की सतरा वर्षांची, त्या घोषणेला पुरेशी नसते. साक्षी, अफवा, परिस्थिती, सर्व तपासले जाते. अशा भगिनींनी न्यायालयाचा निकाल आणि पोलिसांची कागदपत्रे घेऊन आधी आपल्या धर्मगुरूंना भेटावे.

आणि माणूस परत आला, तर? आनंदाच्या भरात कुटुंबे पोलिसांना कळविण्यास विसरतात. मिसिंग उघडीच राहते, शेजारच्या जिल्ह्यातील पोलीस त्याच्या वर्णनाचे मृतदेह पाहत राहतात आणि त्याचे छायाचित्र वर्षानुवर्षे मोबाईलवर फिरत राहते. त्याला घेऊन ठाण्यात जावे, जबाब द्यावा, नोंद बंद करून घ्यावी. मूल असेल तर वैद्यकीय तपासणी आणि बाल कल्याण समितीपुढील हजेरी कायद्याने आवश्यक आहे. ती शिक्षा आहे असे मुलाला वाटू देऊ नये. तो कोठे गेला होता, का गेला होता, हे लगेच विचारू नये. त्याला आधी जेवू घालावे.